न घेतलेल्या चहाचं कपाट

आमच्या घरी कोणी चहा घेत नसे, म्हणून माझ्याकडे अकरा प्रकारचा चहा जमला. हे वाक्य उलटं वाटेल, पण ते सरळ आहे. माझ्या बायकोलाही ते पटायला बराच वेळ लागला आणि पटल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

महाराष्ट्र झाला त्याच साली माझी बदली नांदुऱ्याला झाली. मी रेल्वेत तिकीट बाबू. आमचं मूळ गाव दुसरबीडकडचं. माझे वडील आधी मध्य प्रदेशात राहिले, मग मुंबई राज्यात आणि शेवटी महाराष्ट्रात, आणि हा सगळा प्रवास त्यांनी एकाच घरात बसून केला. घरातला पहिला नोकरदार मी, त्यामुळे खरोखर हलण्याची पाळी माझ्यावर आली. स्टेशनामागं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. पुढं व्हरांडा, मागं मोरी, आणि दिवसातून बारा-चौदा वेळा हादरणाऱ्या भिंती.

आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची, दुसरी कोट आणि चष्मा घातलेल्या गृहस्थांची, ज्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. पाहुणा आत आला की त्याची नजर आधी त्या दोन तसबिरींवर जाई. तिथून ती खाली उतरून आमच्या कपबश्यांवर येई, आणि तेवढ्या वेळात पाहुण्याला पित्त झालेलं असे.

सगळ्यांनाच होई असं नाही. आमचे मुसलमान तिकीट तपासनीस दारातूनच ओरडून चहा मागत आणि वर साखर कमी पडली म्हणून तक्रार करत. गाड्यांवरचे गार्ड लोक तर मिळेल तो आणि मिळेल तितका पीत. पण ज्यांच्यासोबत रोज उठायचं-बसायचं, त्या मंडळींचं चहाशी काही ना काही बिनसलेलं होतं. स्टेशन मास्तर म्हणाले, ते फक्त पातीचा चहा घेतात, भुकटी त्यांना सोसत नाही. तारबाबूला दूध बाधत होतं, तो कोरा घेई. मुलीच्या शाळेचे हेडमास्तर नाव घालायच्या निमित्तानं आले तेव्हा म्हणाले, डॉक्टरांनी चहाची पत्तीच बंद केली आहे, गवती चहा असता तर घेतला असता.

दुसरा कोणी असता तर समजायचं ते समजला असता. मीही समजलो होतो. पण मला राग आला की मी फार व्यवस्थित होतो, हा माझा स्वभाव आहे. इतर लोक आरडाओरडा करतात, मी यादी करतो. मी ठरवलं की माणसं खोटं बोलत नाहीत. मास्तरांना पातीचा चहा हवा आहे, तर तो आणला पाहिजे.

नांदुऱ्याच्या बाजारात तेव्हा पातीचा चहा मिळत नव्हता. पण रेल्वेत असल्याचा एक फायदा असतो, की जगातली कुठलीही वस्तू कोणत्या ना कोणत्या गार्डाच्या मेव्हण्याकडे असते. महिनाभरात दार्जिलिंगची पाती आली. मास्तर पुन्हा आले तेव्हा मी म्हणालो, "साहेब, पातीचा आहे." मास्तर जरा दचकले. मग म्हणाले, वा वा, पण हल्ली संध्याकाळी मी मसाल्याचाच घेतो. मी मसाल्याचा केला. तेव्हा ते म्हणाले की साखर बंद आहे, गूळ असता तर. एकट्या मास्तरांचेच तीन प्रकार झाले. तारबाबूसाठी निलगिरीचा कोरा चहा आला. गवती चहा मी नळाजवळ डब्यात लावला आणि वाळवून ठेवला. रेल्वेच्या एका निरीक्षकांनी 'आमच्याकडे हिरवाच पितात' असं सांगून सुटका करून घेतली, तर सहा महिन्यांनी फलाटावर गाडीची वाट बघत बसलेल्या एका फौजीनं मला कांगड्याचा हिरवा चहा रुमालात बांधून दिला. निरीक्षकांची तोवर बदली झाली होती, पण चहा राहिला.

अशा रीतीनं अकरा झाले. ते पुड्यांत, डब्यांत, एक तर उशीच्या जुन्या अभ्र्यात, असे खाटेखाली राहत. पावसाळ्यात पहिल्यांदा गवती चहाचा वास दार्जिलिंगला लागला, मग मसाल्याचा दोघांनाही. बायको झाडताना खाटेखाली वाकली की शिंकायची.

"तुमी काऊन जमवून राह्यले हे?" ती म्हणाली. "पेनारे आपन दोघं. तेबी खालच्या खाली सडून राह्यलं."

"लोकांसाठी," मी म्हणालो. "विचारलं आणि नसला असं व्हायला नको."

"मी आता कोनालेच इचारत नाही," ती म्हणाली. "इचारलं का ते खोटं बोलतेत, अन् पाप मले लागते."

तिचं बरोबर होतं, म्हणून मी विषय बदलला आणि कपाट करायचं ठरवलं.

पण खरं सांगायचं तर या मास्तरांचं आणि तारबाबूंचं मला तसं काही पडलं नव्हतं. मला एकाच माणसाचं पडलं होतं, आणि ते आमचे मालबाबू. मालधक्क्यावरच्या सरकीच्या पोत्यांचा आणि कापसाच्या गाठींचा हिशेब त्यांच्याकडे असे. माझ्या खिडकीच्या समोरच त्यांचं टेबल. पिंपळगाव राजाकडच्या एका मोठ्या शेतकरी घरातले, माझ्याहून सात-आठ वर्षांनी वडील. दोन क्वार्टरं सोडून म्हाताऱ्या आईसोबत राहत. बायको-मुलं गावी शेतीवर. माझ्या 'मला'ला ते हसत आणि मी त्यांच्या 'मले'ला हसे, यापलीकडे आमचं कधी वाजलं नाही. मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा त्यांनी आठ दिवस आपलं काम संभाळून माझी खिडकी चालवली. मी नसताना माझ्याबद्दल कोणी वावगं बोललं तर ते उठून भांडत, आणि मला त्यातलं काही सांगत नसत. ते मला दुसऱ्यांकडून कळे.

हे मालबाबू माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "मी चहा घेतच नाही."

पातीचा नाही, दुधाचा नाही असं काही नाही, घेतच नाही. यावर मला काही आणता येत नव्हतं. आणि ते खरंही होतं. पाच वर्षांत मी त्यांना कुठंही, कधीही चहा घेताना पाहिलं नाही. ऑफिसात सगळ्यांना चहा येई तेव्हा ते बडीशेप चघळत. त्यामुळे त्यांच्या बाबतीत मला शंका घ्यायला जागा नव्हती, आणि तरी मला वाटे की या माणसानं माझ्या घरी एकदा चहा घ्यावा. बाकी कोणी घेतला नाही तरी चालेल. कपाटातले अकरा खण मी रागानं आखले. बारावा त्यांच्यासाठी आखला, त्यात काय ठेवायचं हे मला माहीत नव्हतं.

कपाटाची कल्पना मला तिकिटांच्या कपाटावरून सुचली. ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खिडकीच्या आत उंच, अरुंद खणांची रांग असते. प्रत्येक खणात एका स्टेशनची पुठ्ठ्याची तिकिटं एकावर एक रचलेली. वरून भरायची, खालून एकेक ओढायची, म्हणजे जुनं आधी जातं. खाली पट्टीवर स्टेशनचं नाव. मलकापूर, जलंब, शेगाव, अकोला. काही स्टेशनांची तिकिटं वर्षानुवर्षं कोणी मागत नाही, पण खण ठेवावा लागतो, कारण मागितलं आणि नसलं तर दोष बाबूचा. माझ्या चहालाही हाच नियम लागू होता. मी जुन्या फॉर्मच्या पाठीवर आकृती काढली. तीन ओळी, चार-चार खण, वर झाकण, खाली सरकती झडप, आणि पट्टीवर नाव. नाव चहाचं नाही, माणसाचं. म्हणजे 'मास्तर, पाती', 'मास्तर, मसाला', 'मास्तर, गूळ', 'तारबाबू' वगैरे.

लाकडासाठी मी बाजारात गेलो. किराणा दुकानदारांकडे चहा मोठ्या पातळ फळ्यांच्या खोक्यांतून येई. कडेला पत्र्याच्या पट्ट्या, आत चांदीचा कागद. खोकं रिकामं झालं की ते कोंबड्यांना नाहीतर कोळशाला जाई. अशी चार खोकी मी हमालाच्या डोक्यावर घालून आणली. फळ्या आधीच चहाच्या वासात मुरलेल्या, त्यामुळे चहाला परका वास लागायची भीती नाही. हा माझा तर्क होता आणि मला त्याचा अभिमान होता. पण फळी कापायला घेतली ती बरोबर मध्ये फाटली. दुसरीही फाटली. तिसरी मी नुसती हातात धरून व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हा समोरून मालबाबू चालले होते.

"अशी नाही कापत जी," ते म्हणाले. "दातं बारीक पायजे करवतीचे."

ते घरी गेले आणि हत्यारांची पेटी घेऊन आले. मालबाबूंना सुतारकामाचा नाद होता. गावाकडची तिफण, पाभर स्वतः दुरुस्त करत, हे मला तेव्हा कळलं. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. त्यांनी माझी आकृती पाहिली, उलटी केली, पुन्हा पाहिली.

"हे तं तिकिटाचं कपाट व्हय."

"हो."

"तिकीट कोरडं रायते अन् सरकते. चहा दबते. खाली येनार नाही."

मी म्हणालो, येईल. त्यांनी वाद घातला नाही. आम्ही पहिला खण माझ्या म्हणण्याप्रमाणं केला, त्यात दार्जिलिंगची पाती वरून भरली आणि झडप उघडली. काही आलं नाही. मी फूटपट्टीनं ढोसलं, तरी काही आलं नाही. आणखी जोरात ढोसलं तेव्हा सगळी पाती एकदम माझ्या पायावर आली. बायकोनं ती झाडून, पाखडून घेतली आणि आम्ही ती चार दिवस प्यायलो. मास्तरांचा चहा आमच्या पोटात गेला, हा त्या कपाटाचा पहिला उपयोग. मग मालबाबूंनी प्रत्येक खणाचा तळ उतरता केला, धान्याच्या कणगीला खाली तोंड असतं तसा, आणि आतून चांदीचा कागद बसवला. त्यानंतर पाती सुरसुर येऊ लागली.

पाच-सहा रविवार ते येत राहिले. सकाळी येत, दुपारी जेवायला घरी जात, पुन्हा येत. येताना सोबत फिरकीचा तांब्या आणत. फिरकीचा तांब्या प्रवासात न्यायचा असतो. त्यांचं घर माझ्या घरापासून साठ पावलांवर होतं.

मी त्या रविवारी दुसरं काही केलं नाही, नुसतं बघत होतो, त्यामुळे मला बऱ्याच गोष्टी दिसल्या. सांधे जोडायला सरस लागतो. तो जनावरांच्या कातड्याचा असतो, हे मालबाबूंना माझ्याइतकंच माहीत होतं. तो आमच्या शेगडीवर, आमच्या पातेल्यात, आमच्या माठातलं पाणी घालून ते शिजवत. आमचं पाणी सरसात चालत होतं. खिळे ठोकताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून सुतार खिळे ओठांत धरतात, तसे तेही धरत. माझ्या घरच्या डबीतले चार-चार खिळे त्यांच्या तोंडात असत, आणि ते तोंड पुसून ते फिरकीच्या तांब्यातलं पाणी पीत. मला हसू येई. मी कधी बोललो नाही. एवढ्या चांगल्या माणसाला बोलायचं कसं, आणि न बोलता राहायचं तरी कसं, हे मला कळत नव्हतं.

बायकोला मात्र कळत होतं. ती त्यांच्यासमोर कधी चहाचं नाव काढत नसे. पण दुपारी ऊन व्हरांड्यात आलं की न सांगता पडदा सोडून जाई, कारण त्यांच्या डोक्यावर ऊन येत असे.

कपाट उभं राहत आलं आणि मालबाबूंच्या बदलीचा हुकूम आला. खंडव्याला, पंधरा दिवसांत. आई गावी जाणार, ते एकटे पुढं जाणार. मला ते त्यांनी काम करता करता, रंधासुद्धा न थांबवता सांगितलं. म्हणजे आता माझ्याकडं दोन रविवार होते. पाच वर्षांत जे झालं नाही ते दोन रविवारांत व्हायचं होतं.

त्याच आठवड्यात फलाटावरच्या चहावाल्यापाशी मी उभा होतो. हा माणूस तिथं माझ्या आधीपासूनचा. मी सहज म्हणालो, मालबाबू चालले, तुझं काही नुकसान नाही, ते चहा घेत नाहीत.

"कोन, मालबाबू?" तो म्हणाला. "बाबूजी, दिवसाले आठ कप घे हा मानूस. गाडी नसली का इथंच उभा. मले तं वाटे, याच्यावरच दुकान चालते."

"कधीची गोष्ट?"

त्यानं बशी विसळता विसळता विचार केला. "बंद केला त्याईनं. तुमी या टेशनावर आले ना, त्याच साली. मी इचारलं, तब्येत बरी नाही का. म्हने, तसंच समज."

मी हातातला चहा तिथंच ठेवला आणि ऑफिसात येऊन खिडकी उघडली. त्या दुपारी मी एका बाईला शेगावऐवजी मलकापूरचं तिकीट दिलं. वीस वर्षांच्या नोकरीत असं एकदाच झालं.

शेवटच्या रविवारी मालबाबू कपाटाला बाहेरून चंद्रूसाचं रोगण लावत होते. फक्त बाहेरून, आतून लावलं असतं तर त्याच्या वासानं अकरा चहांचा मिळून एकच चहा झाला असता. नावांच्या पट्ट्या मी लिहून चिकटवल्या होत्या. शेवटची कोरी होती.

"याच्यावर काही लेयलं नाही?" त्यांनी विचारलं.

"तो खण तुमचा."

"माहा? मी तं चहा घेत नाही."

"म्हणूनच रिकामा ठेवला," मी म्हणालो. मग माझ्यानं राहवेना. "दिवसाला आठ कप घेत होता म्हणे."

ब्रश थांबला.

"मंग काय करतो," ते म्हणाले. "तुमच्या घरी बोलून बसलो का मी चहा घेत नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या समोर बसून कसा पेऊ? तुमाले काय वाटलं असतं?"

"घरी प्यायचा होता."

"घरी पेलो असतो तं खोटं ते खोटंच राह्यलं असतं."

पाच वर्षं. हिवाळ्यातल्या पहाटेच्या गाड्या, पावसात भिजलेली पोती मोजणं, जागरणं, सगळं बडीशेपेवर. मला राग आला, आणि या वेळी मला यादी करता येईना.

"मालबाबू," मी म्हणालो, "पाच वर्षं चहा सोडण्यापेक्षा माझ्याकडे एक कप घेणं सोपं नव्हतं का?"

ते प्रश्न टाळतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खरोखर विचार केला. ब्रश डब्याच्या कडेला निथळला, पुन्हा निथळला.

"नाही जी," ते म्हणाले. "सोपं नव्हतं."

आमच्या घरी चहाविषयी कोणीतरी पहिल्यांदाच खरं बोललं होतं. त्यानं माझा राग गेला नाही. पण खोटं ऐकून यायचा तो राग वेगळा होता, हे मला तेव्हा कळलं.

"माय रोज इचारते," ते म्हणाले. "कुठं गेलता, काय खाल्लं, काय पेलं. तिले खोटं नाही सांगता येत मले. अन् तुमालेबी नाही. मंग चहाच सोडला."

"आणि तिला खरं सांगायचं?"

त्यांनी हत्यारं पुसली, फडक्यात गुंडाळली, पेटी उचलली आणि गेले. चंद्रूसाचा दुसरा हात राहिला होता. तो नंतर मी दिला आणि माशांना तो फार आवडला.

पुढचे दिवस ऑफिसात आम्ही कामापुरतं बोललो. ते नव्या बाबूला चार्ज देत होते, मी तिकिटं देत होतो. बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या. गेला मानूस." जणू ते गेलेच होते. तिनं रात्रीची भांडी जरा जास्त जोरात आपटली, एवढंच.

त्यांची गाडी दुपारची होती. सकाळीच त्यांची आई बैलगाडीत बसून गावी गेली. सामान पार्सलला लागलं. मी सुटी घेतली नव्हती, पण जेवायला घरी आलो होतो. जेवून हात धुतले आणि दारात मालबाबू उभे होते. धुतलेलं धोतर, कोट, पायात बूट. भेटून जायला आले असं मला वाटलं, म्हणून मी खुर्ची दिली. ते बसले. तसबिरींकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं. बायको आतल्या दाराशी उभी होती. तिनं काही विचारलं नाही.

"वहिनी," ते जमिनीकडं बघत म्हणाले, "चहा मांडा."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी उठलो आणि कपाटाचं झाकण उघडलं. मला खरंच कळत नव्हतं कोणता काढू. हात दार्जिलिंगकडं गेला, मग निलगिरीकडं.

"तुमी पेता तोच," ते म्हणाले.

आम्ही रोज पीत होतो तो चहा कपाटात नव्हताच. बाजारातली साधी भुकटी, चुलीजवळ पत्र्याच्या डबीत. बायको आत गेली. स्टोव्हचा आवाज सुरू झाला.

"काल मायले सांगतलं," मालबाबू म्हणाले. "का उद्या जातानी तिकीटबाबूच्या घरी चहा पेऊन जाईन."

"मग?"

"काही बोलली नाही. सकाळी निंगालीबी बिगर बोलता. मी पाया पडलो, तं पाय घेतले मांगं."

"नंतर सांगायचं होतं," मी म्हणालो. पाच वर्षं ज्या गोष्टीसाठी कुढलो ती समोर येऊन बसली होती, आणि माझ्या तोंडून हे निघालं.

"नंतर सांगतलं असतं तं चोरी झाली असती," ते म्हणाले.

चहा आला. बायकोनं कपबशी त्यांच्या हातात दिली, बाजूला ठेवली नाही. त्यांनी बशीत ओतला. थोडा चहा कोटावर सांडला. ते फुंकर मारत प्यायले, एक बशी, मग दुसरी. पाच वर्षांनी पहिला. त्यांच्या कपाळावर घाम आला. आम्ही दोघं त्यांच्याकडं बघत होतो. असं बघणं बरं नव्हे हे कळत होतं, पण नजर हलत नव्हती. कप रिकामा झाला. ते उठले, कपबशी हातात घेतली आणि मागच्या दारानं मोरीकडं निघाले.

मला आधी समजलं नाही. मग समजलं. माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्यासाठी वेगळे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असत. प्यायचा, आपल्या हातानं धुवायचा आणि परत टांगायचा. बायकोच्या गावीही तेच. मालबाबूंनी हे लहानपणापासून पलीकडच्या बाजूनं पाहिलेलं. त्यांच्या मनात काय होतं मी विचारलं नाही. बहुतेक त्यांना वाटलं असेल की आपणही एकदा धुवावा.

बायको मोरीच्या दारात आडवी उभी राहिली.

"ठेवा तो," ती म्हणाली. "आमच्या घरी पाहुन्याले कप धुवा लागत नाही."

मालबाबूंनी कप खाली ठेवला आणि परत येऊन खुर्चीवर बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. गाडीला अजून वीस मिनिटं होती. ती आम्ही तिघांनी तशीच बसून काढली.